पणतीचं चित्र काढून टाकलं तर काय उरतं? चौथीच्या वर्गातल्या दिवाळीच्या गणिताचं एक प्रकरण

वर्ग चौथीचा, बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूची एक द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, पटावर वीस-बावीस मुलं आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरचे दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याला निघणार. साल २०२४. शाळेचं आणि बाईंचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण बाईंनाच ते नकोय. मी त्याच केंद्रातल्या (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या) शेजारच्या शाळेवर आहे, शिक्षण परिषदेत आमचं बोलणं व्हायचं, त्यातून हे सगळं जवळून बघायला मिळालं, काही तासांना तर मी मागच्या सतरंजीवर बसूनच होतो.

आधी अडचण काय होती ते सांगतो, कारण ती सगळ्यांचीच आहे. पहिलं सत्र संपत आलं की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर "दिवाळी सुट्टीचा अभ्यास" नावाच्या पीडीएफ यायला लागतात. रंगीत, कोपऱ्यात पणती, वर कंदील, खाली फुलबाजीवाला मुलगा आणि मधे गणितं. आईने ४८ लाडू केले, त्यातले १९ संपले, किती उरले. एका पाकिटात १२ पणत्या, तर ७ पाकिटांत किती. आता यातली पणती काढून तिथं पेन्सिल लिहिली, लाडवाच्या जागी गोट्या लिहिल्या तरी गणिताला काही फरक पडतो का? नाही पडत. मुलांना हे आपल्याआधी कळतं. चौथीतली मुलं असलं गणित वाचतसुद्धा नाहीत, "उरले" दिसलं की वजाबाकी, "एकूण" दिसलं की बेरीज, "प्रत्येकी" दिसलं की गुणाकार नाहीतर भागाकार, जो बरोबर वाटेल तो. बाईंनी एकदा मुद्दाम फळ्यावर लिहिलं होतं, "९ लाडू उरले, १५ आधीच खाल्ले होते, तर सुरुवातीला किती होते?" आणि बऱ्याच जणांनी १५ मधून ९ वजा करून ६ लिहिलं. उरले आलं ना, मग वजाबाकी.

दुसरी अडचण आमच्या भागातली खास. सुट्टीचा अभ्यास दिला तरी तो तपासणार कोणाचा? गाळप हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो, काही मुलं आजी-आजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात, काही आई-बापाबरोबर जातात ती उन्हाळ्यातच परत दिसतात. म्हणजे जे काही करायचं ते सुट्टी लागायच्या आधी, शाळेतच, आणि घरून काही आणायला न लावता. त्यात त्या वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, आम्हा सगळ्यांच्या ट्रेनिंगच्या तारखा मधे मधे घुसलेल्या, त्यामुळे बाईंच्या हातात सलग असे दिवस फार थोडे होते. संकलित चाचणी झाली की सुट्टीपर्यंतचा जो रिकामा वाटणारा काळ असतो, ज्यात पोरं पटांगणात आणि आपण ऑनलाइन माहिती भरण्यात, तोच त्यांनी धरला.

बाईंचा निकष एकच होता आणि मला तो फार आवडला. आकडा चुकला तर वस्तूनंच सांगितलं पाहिजे, मी सांगायची गरज पडता कामा नये. या एका गाळणीतून त्यांनी दिवाळीच्या सगळ्या ॲक्टिव्हिटी काढल्या, बऱ्याच गळाल्या, तीन-चार राहिल्या.

रांगोळी

पहिली रांगोळी, ठिपक्यांची. संस्कार भारतीची नाही, ती दिसते छान पण तिच्यात हाताचं काम जास्त. ठिपक्यांच्या रांगोळीचं नावच आकड्यात असतं, "७ ते ४", "९ ते ५", "१५ ते ८". मधल्या ओळीत ७ ठिपके, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी, दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेसमोर पुढचा ठिपका, असं ४ पर्यंत. एक जरी ठिपका कमी-जास्त झाला तर शेवटी रेघ जुळतच नाही, पाकळी उघडी राहते. म्हणजे तपासणी आपोआप.

मुलांनी आधी खडूनं व्हरांड्यात ७ ते ४ मांडली. मग बाई म्हणाल्या, एकेक न मोजता सांगा, किती ठिपके? बहुतेकांनी ४, ५, ६, ७, ६, ५, ४ अशी बेरीज लावली, ३७. कोणी बोटावर, कोणी ओळीनं. पण एक मुलगी, एरवी गणितात गप्प असणारी, ती म्हणाली बाई वरचे ४ आणि मधल्या ओळीखालचे ६ घेतले की १० होतात, मग ५ आणि ५ पण १०, ६ आणि ४ पण १०, तीन दहा आणि मधले ७. बाईंनी तिथंच थांबून तिला ते खडूनं गोल करून दाखवायला लावलं, दोनदा. मग तीच युक्ती ९ ते ५ ला लावली, प्रत्येक जोडी १३ ची, अशा चार जोड्या म्हणजे ५२, वर मधले ९, एकूण ६१. पुढं १५ ते ८ ला तर जोडी २२ ची आणि जोड्या सात, १५४ आणि १५, १६९. चौथीच्या मुलांनी १६९ पर्यंत न मोजता जाणं, आणि तेही कुणी न सांगता, हे मी प्रत्यक्ष बघितलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं.

यात अजून एक गंमत लपलेली आहे, ती बाईंना माहीत होती पण त्यांनी सांगितली नाही, नुसता तक्ता करून ठेवला. एकच ठिपका: १. ३ ते २: ७. ५ ते ३: १९. ७ ते ४: ३७. ९ ते ५: ६१. आणि विचारलं, दर वेळी किती वाढले? ६, १२, १८, २४. कोणीतरी मागून ओरडलं "सहाचा पाढा आलाय!" आणि मग वर्गात जो काही गोंधळ. मग ११ ते ६ चं भाकीत केलं, ६१ आणि ३० म्हणजे ९१, आणि मांडून बघितलं तर ९१ च. का सहाचा पाढा, तर रांगोळीला बाहेर सहा कडा आहेत, प्रत्येक नवा घेर आधीच्यापेक्षा सहा ठिपक्यांनी मोठा, हे दोन-तीन मुलांना चित्रात दिसलं, बाकीच्यांना नाही दिसलं. नसूदे. पुस्तकात आकृतिबंध म्हणून जो धडा येतो त्यात तीन चित्रं काढून चौथं काढा एवढंच असतं, इथं चौथं आणि पाचवं चित्र मुलांना पाहिजे होतं कारण त्यांना मोठी रांगोळी काढायची होती.

नंतर ७ ते १ पण घेतली, म्हणजे मधे ७ आणि कमी होत होत टोकाला १. जोड्या लावल्या तर १ आणि ६, २ आणि ५, अशा सातच्या सहा, वर मधले ७. एकूण ४९. सात सत्ते एकोणपन्नास. कागद तिरका फिरवला की दिसतंच, सात ओळी आणि प्रत्येकीत सात ठिपके. हे मुलांना जादूसारखं वाटलं, बाईंनी कागद फिरवायचं काम मुलांवरच सोडलं होतं हे महत्त्वाचं.

पोरं आधी "हे पोरींचं काम" म्हणून लांब उभी होती. पाढा सापडल्यावर लांब उभं राहणं संपलं. शेवटी जुन्या पेपरवर उदबत्तीनं भोकं पाडून ठिपक्यांचा कागद करायचं ठरलं, १५ ते ८ चा, त्यात दोन ओळींतलं अंतर सारखं ठेवायचं म्हणजे पट्टी आली, आणि पट्टी शून्यापासून धरायची की एकपासून हा चौथीचा सनातन वाद पण आला. उदबत्ती बाईंच्याच हातात, हे सांगायला नको.

कंदील

खरं प्रकरण इथं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गावात टोपल्या विणणारे एक आजोबा आहेत, त्यांच्याकडून बांबूच्या कामट्या आणल्या, सगळ्या २४ इंच लांब. करायचा कंदील सहा चौकोनांचा, आपला जुना पारंपरिक. कामट्यांचे सारखे सहा चौकोन करायचे आणि एकमेकांना कोपऱ्यात बांधायचे, बास. बाईंनी तयार कंदील आणलाच नाही, एक चित्र दाखवलं आणि विचारलं, एका कंदिलाला किती तुकडे लागतील? सहा चौकोन, प्रत्येकाला चार, २४. हे सोपं होतं. मग विचारलं, तुकडा किती लांब कापायचा? ते तुम्ही ठरवा.

चार गट होते. एका गटानं ठरवलं ९ इंच, मोठा कंदील पाहिजे म्हणून. कापायला घेतलं तर एका कामटीतून दोनच तुकडे निघाले आणि ६ इंचाचं शेपूट उरलं. दुसरी कामटी, पुन्हा दोन तुकडे, पुन्हा ६ इंच. गटाला वाटून दिलेल्या कामट्या १० आणि लागणार होत्या १२. "बाई, कामट्या कमी पडायल्यात." बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं उरलेल्या शेपटांचा ढीग बघत उभ्या राहिल्या. शेजारच्या गटानं ८ इंच धरले होते, त्यांच्या एका कामटीतून बरोबर तीन तुकडे आणि काहीच उरलं नाही, आठच कामट्यांत काम झालं आणि दोन शिल्लक. मग ९ वाल्यांनी तिकडं बघितलं, आपसांत कुजबुज झाली, आणि त्यातलाच एकजण म्हणाला की हे आठानं जातंय, नवानं जात नाही.

भागाकारात बाकी का महत्त्वाची हे मी स्वतः वर्षानुवर्षं शिकवतोय. २४ भागिले ९, भागाकार २, बाकी ६. मुलं लिहितात, बरोबर येतं, मार्क मिळतात. पण बाकी म्हणजे वाया गेलेला बांबू, हे त्या गटाला जेवढं कळलं तेवढं माझ्या फळ्यावरून कोणाला कळलं असेल असं मला वाटत नाही. त्या गटानं पुढं केलं काय, तर कापलेले ९ चे तुकडे परत ८ चे केले, १ इंचाचे तुकडे वाया गेले त्याची पण मोजणी करून वहीत लिहिली, आणि आठ इंचाला कमी पडलेल्या कामट्या शेजारच्या गटाकडून मागून घेतल्या. एक मुलगा म्हणाला ६ इंच केला असता तर ती शेपटं पण वापरता आली असती. बरोबर आहे! ६ इंच ठरलं असतं तर एका कामटीतून चार तुकडे निघाले असते, ९ च्या कापणीतून उरलेलं प्रत्येक शेपूट एक पूर्ण तुकडा ठरलं असतं, पण तोपर्यंत गटाचं मत पडलं होतं की सहाचा कंदील बारका दिसतो.

बांधताना दुसरी अडचण. कामट्यांचा चौकोन दोऱ्यानं बांधला की तो चौकोन राहतच नाही, हातात धरला की तिरका होतो, पतंगासारखा. "बाई, ह्ये वाकडं व्हायलंय." मग एका मुलीनं आडवी कामटी लावून बघितली, कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, आणि चौकोन हलायचा थांबला. ही आडवी कामटी किती लांब? एकानं सांगितलं ८, लावून बघितली, पोचली नाही. दुसऱ्यानं सांगितलं १६, कारण ८ आणि ८, ती बाहेर गेली. मग पट्टीनं मोजली, सव्वा अकराच्या जरा पुढं. आता हे कुठून आलं ते चौथीत सांगता येत नाही आणि बाईंनी सांगितलंही नाही, पण प्रत्येकाच्या चौकोनात तेवढंच येतंय हे मुलांनी एकमेकांचे चौकोन मोजून बघितलं आणि वहीत "सव्वा अकरा" लिहून ठेवलं. हा आकडा त्यांना पुढं वरच्या वर्गात भेटेल तेव्हा भेटेल. २४ च्या कामटीतून अशा दोन निघतात, म्हणजे सहा चौकोनांना अजून तीन कामट्या. आठ आणि तीन अकरा. बाईंकडे वरच्या कामट्या होत्या, त्यांना हे आधीच माहीत होतं असा माझा संशय आहे.

सहा चौकोन कोपऱ्यात बांधले की मधे तिकोनी मोकळ्या जागा होतात, त्या आठ, आणि गाठी येतात बारा. हे मोजायला मुलांना कंदील हातात फिरवावा लागला, कारण फिरवताना कुठून सुरू केलं ते विसरतं, मग कोणीतरी एका कोपऱ्याला लाल दोरा बांधायची आयडिया काढली. त्रिकोण भरायला एका गटानं डोकं लढवलं की चौकोनी कागद तिरका कापला की दोन त्रिकोण मिळतात, म्हणजे आठ त्रिकोणांना चारच कागद. हिशोब बरोबर, कागद कापले, लावायला गेले तर बसेचनात. कापलेल्या त्रिकोणाची एक बाजू लांब, आणि कंदिलातल्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सारख्या. एका त्रिकोणात दोन सारख्या, दुसऱ्यात तिन्ही सारख्या, हे वाक्य पुस्तकात पुढं कधीतरी येतं आणि मुलं पाठ करतात. इथं कागद वाया गेला म्हणून कळलं.

कागदाचंच अजून एक. चौकोन ८ इंचाचा म्हणून कागद ८ बाय ८ कापला तर चिकटवायला कडा राहत नाही, खळ लावायची कुठं? सगळ्या बाजूंनी अर्धा अर्धा इंच वाढवायचा म्हणजे साडेआठ नाही, ९ बाय ९. साडेआठ म्हणणारे जास्त होते. अर्धा इंच एकाच बाजूला वाढवतोय आपण हे त्यांना कागद कामटीवर ठेवल्यावरच दिसलं.

चारातले तीन कंदील पूर्ण झाले आणि शाळेच्या व्हरांड्यात लागले. चौथा जरा कललेलाच राहिला, त्यांनी आडव्या कामट्या लावायचा कंटाळा केला होता. तो पण लावला.

जुनी कॅलेंडरं

ही ॲक्टिव्हिटी सगळ्यात कमी खर्चाची आणि मला वाटतं सगळ्यात हुशार. आपल्याकडं जुनं कॅलेंडर कोणी फेकत नाही, फडताळात अंथरलेलं असतं, पुस्तकांना कव्हर घातलेलं असतं, त्यावर दुधाचा हिशोब असतो. शाळेतल्याच कपाटात पाच वर्षांची सापडली. मुलांनी प्रत्येक वर्षाचं लक्ष्मीपूजन शोधलं. २०२०: १४ नोव्हेंबर. २०२१: ४ नोव्हेंबर. २०२२: २४ ऑक्टोबर. २०२३: १२ नोव्हेंबर. २०२४: १ नोव्हेंबर. आता प्रत्येक वर्षी किती दिवस सरकली? पहिली १० दिवस अलीकडे, मग ११ दिवस अलीकडे, मग एकदम १९ दिवस पलीकडे, मग परत ११ अलीकडे.

यात महिना ओलांडून दिवस मोजायचे असतात आणि ते मुलांना अजिबात जमत नाही, २४ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर म्हटल्यावर २४ वजा १२ करून १२ दिवस सांगणारे होतेच. कॅलेंडर समोर असल्यामुळे घरं मोजून दाखवता आली. ३० चा महिना की ३१ चा यासाठी मुठीची हाडं मोजायची ती आपली जुनी पद्धत.

वर्गात एक मुलगी मुसलमान घरातली. बाईंनी तिच्याकडं बोट न दाखवता सगळ्यांनाच सांगितलं की त्याच कॅलेंडरांत रमजान ईद पण शोधा. २५ मे, १४ मे, ३ मे, २२ एप्रिल, ११ एप्रिल. फरक काढले: ११, ११, ११, ११. (चंद्र दिसण्यावर एखाद्या दिवसाचा फरक होऊ शकतो, पण या पाच वर्षांत आकडे असे सरळ निघाले.) आता वर्गाला प्रश्न पडला, बाईंना पाडावा लागला नाही: दिवाळी पण मागं यायली, ईद पण मागं यायली, मग दिवाळीच उडी का मारते? २०२३ मध्ये काय झालं होतं?

उत्तर वर्गातच होतं. त्या वर्षी श्रावण दोनदा आला होता, म्हणजे धोंड्याचा महिना, आणि त्या महिन्यात कोणाच्या काकाला, कोणाच्या आत्याच्या मालकाला जावई म्हणून धोंडे खायला बोलावलेलं मुलांना चांगलं आठवत होतं. मग हिशोब: चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, आपलं कॅलेंडरचं ३६५, फरक ११. तीन वर्षांत ३३, म्हणजे जवळजवळ एक महिना. तो महिना मधे घातला की दिवाळी परत जागेवर येते, ३० पुढं आणि ११ मागं, १९ च. ईदच्या कॅलेंडरमध्ये असा महिना घालत नाहीत म्हणून ईद सगळ्या ऋतूंतून फिरते. त्या मुलीनं मग सांगितलं की तिची आजी म्हणते तिच्या लग्नानंतरचे पहिले रोजे थंडीतले होते. हे ऐकून पोरं गप्प नाही बसली, लगेच कोणीतरी आजीचं वय काढायला बसलं, ११ दिवसांनी भागून. ते काही जमलं नाही, पण प्रयत्न कसला होता!

सणाचं गणित म्हणजे एकाच घरचा सण असं होऊ नये असं आपण पाठाच्या टाचणात लिहितो, "सर्वधर्मसमभाव" मूल्य म्हणून रकान्यात टाकतो. इथं ईदशिवाय दिवाळीचं कोडं सुटलंच नसतं, त्यामुळे वेगळा रकाना लागला नाही.

जे गळालं

फराळ अर्धामुर्धा झाला. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी शंकरपाळ्या केल्या, वाटीभर तूप, वाटीभर दूध, वाटीभर साखर आणि मैदा "मावंल तेवढा". हा मावेल तेवढा किती ते मुलांनी वाट्यांनी मोजलं, आधी अंदाज लिहून. पण तेल गरम, मुलं लांब, शेवटी बघ्यांची गर्दी झाली. त्यापेक्षा मावशींनी चिपटं-मापटं, म्हणजे धान्य मोजायची जुनी मापं, दाखवलं ते जास्त कामाला आलं: २ चिपटी म्हणजे मापटं, २ मापटी म्हणजे शेर, ४ शेर म्हणजे पायली, आणि मग पायलीत चिपटी किती, तर १६. पाव आणि अर्ध्याचा धडा त्यातच उरकला.

किल्ल्याचं प्रमाण घ्यायचा बेत होता, खरा बुरूज एवढा तर आपला केवढा, तो चौथीला झेपला नाही. सोडला.

आणि एक बाईंनी करायच्या आधीच काढून टाकलं, ते म्हणजे दिवाळीच्या खर्चाचं गणित. त्या पीडीएफमध्ये हमखास असतं, "तुमच्या घरी कपडे, फटाके, फराळ यावर किती खर्च झाला त्याचा तक्ता करा." माझं यावर मत कडक आहे. ज्या वर्गात निम्म्या घरांची दिवाळी मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीवर होते तिथं हा तक्ता भरायला लावणं म्हणजे गणिताच्या नावाखाली मुलांच्या घरात डोकावणं आहे, आणि मुलं तिथं खोटे आकडे लिहितात, मोठे. बेरीज बरोबर येते. त्याऐवजी आठवडी बाजारातले भाव फळ्यावर लिहून सगळ्यांना सारखेच ३०० रुपये दिलेत असं समजून खरेदी करायला लावली. ठीकठाक झालं, फार काही सांगण्यासारखं नाही. यात चूक झाली तर वस्तू सांगत नाही, बाईंनाच तपासावं लागतं, म्हणून ते बाईंच्या निकषात तसंही बसत नव्हतंच.

मग उपयोग झाला का

हा प्रश्न केंद्रप्रमुखांनी विचारला आणि बरोबर विचारला. सुट्टीनंतर जेवढी मुलं परत आली त्यांना बाईंनी तोंडी प्रश्न दिले, एक हा: ३० माणसं, एका जीपमध्ये ८, किती जीप? आधी असल्या प्रश्नाला "३ बाकी ६" लिहून मोकळी होणारी मुलं होती. आता बऱ्याच जणांनी ४ सांगितल्या, आणि एकानं विचारलं की चौथ्या जीपमध्ये दोन जागा उरल्या त्याचं काय, मोठ्यांना बसवू का. पण "उरले" दिसलं की वजाबाकी ही सवय काही गेली नाही, लाडवाचं ते उलटं गणित परत दिलं तर काही जणांनी परत ६ च लिहिलं. एका पंधरवड्यात जाणारही नाही. शिवाय वर्ग लहान, काही मुलं कारखान्यावर, त्यामुळे यावरून कोणी मोठं काही सिद्ध करू नये. ज्यांची लिहिण्याची गती कमी आहे अशी दोन-तीन मुलं कंदील बांधताना पुढं होती आणि वहीत परत मागं पडली, याचं काय करायचं ते बाईंनाही अजून सापडलेलं नाही.

वेळ मात्र खूप लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही. कंदिलाला जेवढा वेळ गेला त्यात स्वाध्यायाची पाच-सहा पानं झाली असती. द्विशिक्षकी शाळेत एक वर्ग कामट्या कापत असताना शेजारची तिसरी कोण बघणार? बाईंनी तिसरीला ठिपके मोजायला बसवलं म्हणून निभावलं.

ग्रुपवर बऱ्याच जणांनी याची पीडीएफ मागितली. त्यात देण्यासारखं एवढंच आहे: कामटीची लांबी आधी बघून ठेवा आणि तुकड्याची लांबी मुलांना सांगू नका, कामट्या गटाला मोजूनच द्या म्हणजे कमी पडायची शक्यता राहील, ठिपक्यांच्या रांगोळीत तक्ता फळ्यावर राहू द्या आणि आपण गप्प बसा, जुनी कॅलेंडरं रद्दीत घालू नका.

२०२५ ला सप्टेंबरच्या पावसात आमच्या भागात शाळेचे बरेच दिवस गेले, तरी बाईंनी कंदील घेतलाच. अडचण अशी झाली की नव्या चौथीतल्या मुलांना आठ इंच आधीच माहीत होतं, मोठ्या भावंडांनी सांगितलेलं. आल्या आल्या "बाई आठ, आठ." मग बाईंनी आजोबांना सांगून कामट्याच ३० इंचाच्या करून घेतल्या. आठ धरणाऱ्यांचे ६ इंच उरले, एका गटानं १० धरून आठ कामट्यांत काम केलं, आणि दुसऱ्या गटानं ६ धरून पाचच कामट्यांत २५ तुकडे काढले, लागणार होते २४.